चिरोट्यांच्या पानावर विचारलेला प्रश्न

माझी मुलगी अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, आणि घरात ते माझ्याशिवाय कुणाला खटकतही नव्हतं. आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा असिस्टंट ड्रायव्हर. त्याची ड्यूटी कधी लागेल आणि तो कधी परतेल याचा नेम नसे. सासरे आमच्याजवळच असत. ते म्हणायचे, "आमच्यात पोरं उशिराच बोलत्यात. ह्येचं बी तसंच झालं हुतं." आणि नवऱ्याकडे बोट दाखवायचे. तो हसायचा.

गावातल्या डॉक्टरांनी तिची जीभ बघितली, एक टॉनिक लिहून दिलं आणि बोलेल म्हणून सांगितलं. मला मात्र शंका यायची. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की ती ढिम्म. जवळ जाऊन खांद्याला हात लावला की दचकायची. मी हे बोलून दाखवलं तर सासरे म्हणायचे, "अगं, यार्डातनं गाडी गेली की ती खेळ टाकून खिडकीकडं बघती. ऐकू येत नसतं तर बघितलं असतं का?" ते खरंच होतं. इंजिन हललं की ती मान वळवायची. त्यामुळं माझंही तोंड बंद व्हायचं.

माझं माहेर केंदूरचं. पणजोबांपर्यंत मेंढरं घेऊन फिरणारं घर, नंतर शेतीत स्थिरावलेलं. मुलीला शाळा शिकवायची एवढं मात्र वडिलांच्या डोक्यात पक्कं होतं, म्हणून मी एसटीनं ये-जा करून शिरूरला बारावीपर्यंत शिकले. पुढं तिथंच मराठी टायपिंगचा क्लास लावला. परीक्षा जवळ आली होती आणि लग्न ठरलं. हे सांगायचं कारण एवढंच, की यंत्रासमोर बसायची मला भीती नव्हती.

त्या सुमाराला दौंडात स्टेशनजवळ सायबर कॅफे निघाला होता. चालवणारे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मामा म्हणत. धाकट्या भावाचा बारावीचा निकाल बघायला मी मुलीला काखेत घेऊन तिथं गेले. निकाल बघून झाला. शेजारच्या कॉम्प्युटरवर मामा स्वतः काहीतरी वाचत बसले होते. पडद्यावर सगळं मराठी दिसत होतं. मी तोवर कॉम्प्युटरवर मराठी पाहिलंच नव्हतं.

"हे काय हाय मामा?" मी विचारलं.

"मराठी मान्सांचा कट्टा हाय. पुन्यातली, अमेरिकेतली, कुठलीकुठली मान्सं लिवत्यात. काय बी इचारा, सांगत्यात."

"डॉक्टर बी असत्याल का त्यात?"

"असत्याल की. सगळी शिकलेलीच हायत."

मी म्हटलं, मला एक विचारायचंय. मामांनी खुर्ची मोकळी करून दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेले. समोर जे पान उघडं होतं, त्याच्या तळाशी एक रिकामी चौकट होती. मी मराठीच्या कळा दाबायला गेले, तर भलतीच अक्षरं उमटायला लागली. टायपिंग मशीनवरची बोटांची सवय तिथं चालत नव्हती. मग इंग्रजी अक्षरांतच लिहिलं, जसं बोलते तसं. मुलगी अडीच वर्षांची हाय, बोलत न्हाई, हाक मारली तर बघत न्हाई, पण गाडी आली की बघते, तर काय करावं. खाली कुणाचं नाव उमटणार हे मला माहीत नव्हतं. ते मामांचं उमटलं, कारण सभासद ते होते.

दोन-चार दिवसांनी परत गेले. मामा जरा अवघडल्यासारखे झाले. "उत्तरं आलीत," ते म्हणाले, "पन तू मनावर घिऊ नगं."

मामांनी उघडून ठेवलेलं ते पान चिरोट्यांचं होतं. चिरोट्यांना पदर कसे सुटतात यावर बायकांची चर्चा चालली होती आणि तिच्या मधोमध माझा प्रश्न जाऊन पडला होता. खाली एकीनं लिहिलं होतं, "काका, आम्ही चिरोट्यांबद्दल बोलतोय." त्यापुढं हसरा चेहरा. दुसऱ्यानं, "आधी नवीन सभासदांसाठीच्या सूचना वाचाव्यात, मग लिहावं." तिसऱ्यानं, "मुलीला चिरोटे द्या, बोलेल." आणखी एकानं विचारलं होतं, तुमच्या गावात डॉक्टर नसतात का. एकानं माझं "न्हाई" आणि "हाय" उचलून त्यावरच दोन ओळींची कविता केली होती आणि तिला पाच-सहा जणांनी दाद दिली होती.

मला रडू आलं नाही. मुलगी मांडीवर होती, ती पडद्यावरचे पिवळे हसरे चेहरे बोटानं दाखवत होती.

सगळ्यात शेवटी एका बाईंचं उत्तर होतं. त्यांनी एका फुलाचं टोपणनाव घेतलं होतं आणि त्या अमेरिकेत राहत होत्या. त्या डॉक्टर नव्हत्या, पण बहिरेपणा असलेल्या मुलांच्या शाळेत त्यांनी काही वर्षं काम केलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, "गाडीचा हादरा जमिनीतून कळतो. तो ऐकू येण्याचा पुरावा नाही. मुलगी जमिनीवर नको, पलंगावर बसवा. तिच्या पाठीमागं उभं राहा, सावली पडू देऊ नका, आणि ताटलीवर चमचा वाजवा. वळून बघते का ते मला सांगा."

मी घरी गेले. पोरीला पलंगावर बसवलं, पुढ्यात बाहुली दिली. मागं उभी राहून ताटली वाजवली. हळू वाजवली, मग जोरात. सासरे ओसरीतून ओरडले, "काय लावलंयस ग ते?" ओसरीतल्या माणसाला ऐकू गेलं. पलंगावरची पोर बाहुलीचे केस ओढत राहिली.

पुढं त्या बाईंनी विचारलेलं आणि मी सांगितलेलं असं बरेच दिवस चाललं. सगळं मामांच्या नावानं आणि त्याच चिरोट्यांच्या पानावर, कारण दुसरं पान कसं उघडायचं हे मला कळत नव्हतं. त्यांनी एकदाही जागा चुकल्याचं बोलून दाखवलं नाही. पुण्यात कुठल्या प्रकारच्या दवाखान्यात जायचं, तिथं कोणती तपासणी मागायची, मूल झोपलेलं असताना ती कशी करतात, हे त्यांनी सोपं करून लिहिलं. तीच गोष्ट मी दोनदा विचारली तर दोनदा सांगितली.

तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार थोडं ऐकू येत होतं. यंत्र बसवायचं ठरलं तेव्हा घरात मोठा वाद झाला. सासरे म्हणाले, "पोरीच्या जातीला कानात मशीन? उद्या दारात पावनं आलं की काय सांगनार?" नवरा ड्यूटीचे बूट काढत होता. मग उठला आणि म्हणाला, "आप्पा, तिला आधी माझी हाक ऐकू येऊ द्या." त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात मोठं वाक्य ते. यंत्र बसलं. मी मामांच्या नावानं शेवटचं लिहिलं, "मशीन लावलं. तुमचे उपकार झाले." त्यांनी उत्तर दिलं, "फार आनंद झाला. आता तिच्याशी भरपूर बोला."

पुढची काही वर्षं पॅसेंजरनं पुण्याला जायचं, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडं बसायचं आणि परत यायचं, यातच गेली. मुलगी बोलायला लागली. शब्द जड यायचे, काही अक्षरं गिळायची, पण बोलायची.

त्याच काळात मी स्वतःच्या टोपणनावानं त्या कट्ट्यावर सभासद झाले. तिथं नवीन माणसांच्या शंकांसाठी एक विभाग होता. तिथं कुणी फिरकत नसे, आणि फिरकलंच तर झापायला. "शंभर वेळा सांगितलंय", "शोधा म्हणजे सापडेल", "एवढंही येत नाही तर कशाला येता". मी तिथं उत्तरं द्यायला लागले. मामांनी मला त्यासाठी कोपऱ्यातला कॉम्प्युटर दिला होता. दुपारी मुलगी शाळेत असायची तेव्हा मी तिथं बसायचे.

प्रश्न अगदी साधे असत. 'ज्ञ' कसा काढायचा. 'दऱ्या' लिहिलं की 'दर्या' का होतं. दोन शब्दांत जागा कशी सोडायची. एका गृहस्थांनी मुलाच्या लग्नाची बातमी लिहिली होती आणि सगळा मजकूर एकमेकांना चिकटला होता. लोकांनी त्यांना यथेच्छ हसून घेतलं. मी त्यांना विचारलं, "तुमच्यासमोर कळफलक आहे ना, त्यात सगळ्यात खाली एक लांब पट्टी दिसते का?" ते म्हणाले दिसते. म्हटलं, प्रत्येक शब्द झाला की ती एकदा दाबायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी बातमी नव्यानं लिहिली, नीट जागा सोडून. एका बाईनं विचारलं होतं, मी इथं लिहिते ते माझ्या मालकांना घरी दिसतं का. त्या प्रश्नालाही लोक हसले होते. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मला कंटाळा यायचा नाही असं नाही. पण माणूस लिहायला बसण्याआधी घरातल्या, शेजारच्या सगळ्यांना विचारून झालेलं असतं, हे मला ठाऊक होतं. कुणालाच सांगता येत नाही म्हणून तो अनोळखी माणसांना विचारतो. त्यालाही हसं होणार हे कळत असतं, तरी विचारतो. म्हणून मी 'दऱ्या' आणि 'दर्या' शेकडो वेळा समजावलं असेल, तरी प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगतेय असं सांगायचे. कट्ट्यावरची मंडळी माझं कौतुक करायची. "बाई, तुमचा पेशन्स मानला," असं लिहायची. त्या कौतुकात थोडी कीव असायची, पण ती माझ्यासाठी की विचारणाऱ्यांसाठी हे मला ठरवता यायचं नाही.

त्या अमेरिकेतल्या बाई अजून तिथं लिहायच्या. मी त्यांना ताई म्हणायचे. त्या कधीमधी त्या विभागात यायच्या, माझ्या उत्तराखाली एखादी ओळ जोडायच्या. मामांच्या नावानं लिहिणारी ती मीच, हे मी त्यांना कधी कळवलं नाही. ते समोर बसून, मुलीला त्यांच्या पायाशी वाकवून सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

तशी वेळ आली. ताई सुट्टीला पुण्याला येणार होत्या आणि त्यांच्यासाठी सभासदांनी एका छोट्या हॉलमध्ये मेळावा ठेवला होता. मला अगदी आग्रहानं बोलावणं होतं. मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिला केंदूरच्या जत्रेला घेतलेला नवा फ्रॉक घातला. कानातली यंत्रं दिसावीत म्हणून केस मागं घेऊन बांधले. ताईंसाठी तिळाची चटणी आणि माहेरच्या शेंगांचे लाडू घेतले. सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी निघालो.

माणसं चांगली होती, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी आमचं स्वागत केलं, चहा दिला. माझं टोपणनाव सांगितलं की लोक "अरे वा, त्या तुम्ही" म्हणत होते. ताई पुढच्या रांगेत होत्या. पिकलेल्या केसांच्या, प्रसन्न चेहऱ्याच्या. गर्दी ओसरली की भेटू म्हणून मी मागं बसले.

ओळखी झाल्या, दोन जणींनी गाणी म्हटली. मग बँकेत अधिकारी असलेले एक गृहस्थ उभे राहिले. आवाज भारदस्त. ते म्हणाले, आता आपल्या कट्ट्यावरचे काही अजरामर प्रश्न वाचून दाखवतो, नावं अर्थातच सांगणार नाही. लोक आधीच हसायला लागले. त्यांनी त्या चिकटलेल्या लग्नाच्या बातमीपासून सुरुवात केली. एका दमात, श्वास न घेता वाचली. हॉल हसून लोटपोट झाला. मालकांना दिसतं का विचारणारी ती बाईही झाली.

मग ते म्हणाले, "आणि आता चिरोटे." आणि माझा प्रश्न वाचला. माझ्या बोलीत वाचला. तमाशातला सोंगाड्या काढतो तसा हेल काढून, "हाय" आणि "न्हाई" ताणून. "हाक मारली तर बघत न्हाऽई, पन गाडी आली की बघऽते." मध्ये थांबून, चिरोट्यांना पदर सुटत नाहीत अशी तक्रार करणारं त्याच पानावरचं वाक्य वाचलं, आणि परत माझ्या प्रश्नाकडं वळले. लोक डोळे पुसत होते. ताईही हसत होत्या. खुर्चीच्या पाठीला टेकून, तोंडावर रुमाल धरून.

माझी मुलगी लोकांच्या तोंडाकडं बघून बोलणं समजून घ्यायची. एवढ्या हशात तिच्या यंत्रांत नुसता कालवा होत असणार. तिनं सगळ्यांकडं पाहिलं आणि सगळे हसताहेत म्हणून तीही हसली. मग माझा हात ओढून तिच्या त्या जड आवाजात, जरा मोठ्यानंच, तिनं विचारलं, "आई, काय झालं? मला सांग ना."

आमच्या लगतच्या पुढच्या रांगेतल्या दोन-तीन माणसांनी मागं वळून बघितलं. त्यांना तिचा आवाज कळला, कानातली यंत्रंही दिसली. एकीचा चेहरा उतरला. तिनं पटकन मान पुढं वळवली. बाकीचे हसतच होते, पुढचा प्रश्न सुरू झाला होता.

"काही नाही," मी मुलीला म्हटलं. "एक काका गंमत सांगतायत."

"कुठली?"

"घरी गेल्यावर सांगते."

कार्यक्रम संपल्यावर मी ताईंजवळ गेले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, "तू ती होय? तुझी उत्तरं मी नेहमी वाचते." मी म्हटलं, "ताई, तो चिरोट्यांचा प्रश्न माझा होता. मामांच्या नावानं लिहिला होता. आणि ही ती मुलगी."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या मुलीकडं बघत राहिल्या. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला खरंच माहीत नव्हतं गं. नाहीतर मी त्यांना तो घ्यायला सांगितलाच नसता."

"तुम्ही सांगितला होता?"

"अगं, तो किस्सा मी सगळ्यांना सांगते. की एवढ्या भलत्या जागी विचारलं होतं, तरी मी कशी चिकाटीनं उत्तरं देत गेले. तिकडं आमच्या मंडळातही सांगितलाय." त्यांनी माझा हात थोपटला. "चेष्टा तुझी नव्हती. विनोद त्या जागेचा होता."

"ते हेल काढून वाचत होते, ताई."

"हो, ते जरा जास्त झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला नाव विचारलं. मुलीनं सांगितलं. त्यांना ते पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं. तेवढ्यात फोटोसाठी त्यांना हाका मारायला लागले. मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांच्यासाठीच केलेलं होतं, परत नेऊन काय करायचं होतं? मुलीला मात्र मी पाया पडायला लावलं नाही.

परतीच्या गाडीत मुलगी झोपली. त्या बाईंमुळं तिला वाचा आली हे खोटं नव्हतं, आणि म्हणून मला नीट रागावताही येत नव्हतं. नुसतं अनोळखी माणसानं हसणं मी विसरले असते. पाटस स्टेशन मागं पडलं तरी माझ्या कानात तो हेल घुमत होता. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू कशाला जातीस त्यांच्यात?" आणि ड्यूटीचा डबा भरायला सांगितला.

मी कट्टा चालवणाऱ्यांना लिहिलं, की माणसं अडचणीत असताना विचारतात, त्यांचे प्रश्न करमणुकीसाठी वाचू नयेत. सभ्य उत्तर आलं. तुमच्या भावना समजल्या, पण नावं वगळलेली होती, आणि थोडी विनोदबुद्धी असायला हरकत नाही. ताईंचं एक निरोपवजा पत्र आलं, लाडू छान होते म्हणून. बाकी त्यात काही नव्हतं.

उत्तरं देणं मी सोडलं नाही. सोडून कुणाचं काय बिघडणार होतं, फक्त विचारणाऱ्यांचंच. पण आता मी त्यांना आधी सांगायचे, की प्रश्न उघड्यावर लिहू नका, मला खासगी निरोप पाठवा. काहींना खासगी निरोप कसा पाठवायचा तेही येत नसे. त्यांचं उघड्यावरच चालायचं.

त्यातच खानदेशातल्या एका बाईनं विचारलं. तिचा मुलगा तीन वर्षांचा होता, बोलत नव्हता, पण फटाका फुटला की घाबरायचा, मग त्याला ऐकू येतं असं समजायचं का. मी तिला पलंगाचं आणि ताटलीचं सांगितलं. तिनं करून बघितलं. म्हणाली, वळत नाही. मी तपासणीचं सांगितलं. तिनं लिहिलं, सासूबाई नको म्हणतात, मालक त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत, कसं समजावू? मी तिला रात्रभर विचार करून उत्तर देते म्हणाले. आमच्या घरी काय झालं होतं ते सगळं सांगायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांकडं गेले तर कट्ट्याचं रूप बदललेलं. नवीन रंग, नवीन मांडणी. नवीन माणसांच्या शंकांचा विभाग काढून टाकला होता. त्याच्या जागी नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं असं एक पान होतं. सूचना होती, की जुना मजकूर बराचसा फालतू असल्यानं नव्या कट्ट्यावर आणलेला नाही. त्या बाईचं टोपणनाव मी शोधलं. सभासदांना पुन्हा नाव नोंदवायचं होतं, आणि तिनं नोंदवलेलं नव्हतं. तिला ते कसं करायचं हे कळलं नसणार. एरवी तिनं ते मलाच विचारलं असतं.

मामांनी इकडंतिकडं दाबून बघितलं. "जुनं कायबी दिसत न्हाई गं," ते म्हणाले. मी पुढचे कित्येक दिवस जाऊन बघत होते. तिचा फोन नव्हता, गावाचं नाव तिनं कधी सांगितलं नव्हतं. तिचा मुलगा आता मोठा झाला असेल.